टाकाऊ फिल्म जपणारी सेनोबिया

आमच्या ओरुरोत, या उंचावरच्या खाणींच्या गावात, एक्स-रे काढणारे पुष्कळ होऊन गेले. त्यातले निम्मे माझ्या डोळ्यांदेखत आले, शिकले आणि थंडीला कंटाळून कोचाबांबाच्या उबेला बदली मागून पळाले. पण बिघडलेला एक्स-रे हातात धरून ‘हा का बिघडला?’ असं विचारणारी एकच निघाली, सेनोबिया विल्का. हे आज मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय खरा, पण तिच्याशी पहिलं भांडण माझंच झालं होतं, आणि तेही एका कोकरावरून. हे आधीच कबूल केलेलं बरं.

खाणकामगारांच्या दवाखान्यात मी फिल्मच्या कोठारावर होतो. बिघडलेल्या फिल्म आम्ही फेकत नव्हतो, कारण त्यांच्यात चांदी असते. दर वर्षी कार्निव्हलच्या आधी चांदी गाळणारा माणूस यायचा आणि पोती भरून घेऊन जायचा. दवाखान्याचं देणं दवाखान्याला देऊन झालं की जाता जाता माझ्या दारात एक कोकरू बांधायचा. तुम्ही त्याला लाच म्हणाल. आम्ही त्याला आठवण म्हणायचो.

सत्त्याऐंशी साली मी पोत्यांची तोंडं शिवत बसलो होतो, तेवढ्यात सेनोबिया दारात येऊन उभी राहिली. तिच्या मोठ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मबाप म्हणून उभा राहिलो होतो, तेव्हापासून ती मला कोंपाद्रे म्हणायची आणि मी तिला कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा घट्ट धरतात, त्यामुळे भांडायलाही हक्क असतो.

“कोंपाद्रे, या वर्षी पोती द्यायची नाहीत.”

“का? चांदी आता तू गाळणार का?”

“मला त्या बघायच्यात.”

“बिघडलेल्यांत काय बघायचंय? चांगल्या बघ की, कोठार भरलंय.”

“चांगल्या डॉक्टर बघतात. बिघडलेल्या कुणीच बघत नाही.”

“आणि माझं कोकरू?”

“त्याला मी विचारते,” ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली. “त्याची काही हरकत नसेल.”

त्या कार्निव्हलला मी बटाटे खाल्ले आणि आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

ती तेव्हा चाळिशीला आली होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पाठीवर दोन जाड वेण्या. दवाखान्यात पहिल्यांदा आली ती झाडू घेऊन. मग अंधारखोलीत फिल्म धुवायला लागली, मग तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाचे डोळे गेले आणि त्याचे हात ही झाली. पुढे परीक्षा दिली आणि पास झाली. साहेब म्हणाले, आता वेण्या काप, पांढरा कोट घातल्यावर बरं दिसत नाही. ती म्हणाली, “यंत्राला माझ्या वेण्या दिसत नाहीत साहेब, तुम्हालाच दिसतात.” वेण्या राहिल्या. रोज सकाळी सगळ्यात आधी ती औषधाच्या टाकीत थर्मामीटर बुडवायची, कारण आमच्याकडे जून-जुलैत नळात बर्फ होतो आणि गार औषधात फिल्म नीट उमटत नाही. बाकीचे बोट बुडवून अंदाज घ्यायचे. ही वहीत आकडा लिहायची.

तर तिने माझ्या पोत्यांतल्या फिल्म काढल्या आणि कोठाराच्या फरशीवर ढीग मांडले. फार काळ्या पडलेल्या, फार पांढऱ्या, हललेल्या, खालून कापल्या गेलेल्या. इतपत कुणीही केलं असतं. मग तिने तेच ढीग मोडून दोनच केले, पुरुषांचे आणि बायकांचे. मी कडेला बसून कोकाची पानं चघळत होतो, आणि माझं चघळणं थांबलं. वहीतल्या एकूण आकड्यांशी ताडलं, तर पुरुषांची बारा फिल्ममागे एक बिघडली होती. बायकांची तीनमागे एक.

या बायका कोण, तर बहुतेक पायिरी. खाणीतून निघालेल्या दगडांच्या डोंगरावर बसून हातोडीने दगड फोडायचे आणि त्यातलं कथलाचं खनिज वेचायचं, हे पायिरींचं काम. खाणीत उतरणाऱ्या पुरुषाची छाती धुळीने गेली तर त्याला खाणकामगार म्हणून आजार मंजूर होऊन पेन्शन मिळायची. बाई तीच धूळ उघड्यावर तीस वर्षं खायची, पण तिच्या ओळखपत्रावर व्यवसाय लिहिलेला असायचा घरकाम. तरी काहीजणी अर्ज करायच्या. अर्जाबरोबर एक्स-रे लागायचा आणि तो तपासायला दर तीन महिन्यांनी राजधानीतून, ला पासहून, डॉक्टर उर्किसो यायचे. उंच, नीटनेटके, मनाने वाईट नव्हेत, पण घाईचे. बाईची फिल्म धूसर असली की शिक्का मारायचे, ‘वाचण्यायोग्य नाही’, आणि अर्ज परत जायचा.

सेनोबियाच्या आईचा अर्ज असा तीनदा परत आला होता. दोन्या कासिमिरा आयाविरी; दोन्या हा आमच्याकडे बाईला लावायचा मानाचा शब्द. एकतीस वर्षं ढिगाऱ्यावर, दोन पोरं तिथेच दगडांच्या आडोशाला वाढवली, त्यातली एक सेनोबिया. म्हातारीला खोकला होता, चार पायऱ्या चढली की बसावं लागायचं. मुलगी एक्स-रे काढते आणि आईच्या छातीत काय आहे ते तीन फोटोंतही दिसत नाही, याची सल सेनोबियाच्या मनात होती. ती बोलून दाखवायची नाही. ती ढीग मांडायची.

पहिला संशय तिने यंत्रावर घेतला. यंत्र जुनं होतं आणि जुन्या यंत्रावर संशय घेणं सोपं असतं. पण माणसाला उगाच पुन्हापुन्हा किरणांसमोर उभं करून यंत्र तपासायचं नाही, हे तिने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं आणि ते तिला मनापासून पटलं होतं. तपासायला नकली छाती हवी. ती परदेशातून विकत मिळते म्हणे. आम्हाला तर फिल्मच वेळेवर मिळत नव्हती.

एका शनिवारी ती बाजारातल्या खाटकाकडून लामाच्या बरगड्यांचा आख्खा पिंजरा घेऊन आली.

“कोंपाद्रे, हा तुमच्या कोठारात वाळत घालायचाय.”

“कोकरू गेलं आणि लामा आला,” मी म्हटलं. “मांस कुठाय त्याचं?”

“ते आम्ही खाल्लं.”

त्या पिंजऱ्यात तिने फुप्फुसांच्या जागी स्पंज भरला. धुळीच्या आजाराचे डाग बारीक दाण्यांसारखे दिसतात, म्हणून किन्व्याचे दाणे मेणात बुडवून एकेक करून स्पंजात खोचले. कुठे दहा, कुठे तीस, कुठे एकही नाही. कुठे किती, हे फक्त तिच्या वहीत. मग त्या लामाचे वेगवेगळ्या ताकदीने फोटो काढले आणि मला, स्वयंपाकिणीला, पहारेकऱ्याला, ज्याला त्याला धरून उजेडाच्या पेटीसमोर बसवलं. “मोजा, किती दाणे दिसतात.” वास असा की डॉक्टर उर्किसो कोठाराच्या दारातूनच मागे फिरले.

“हे काय चाललंय?”

“फोटोची प्रत तपासतोय, डॉक्टर.”

“बाई, तंत्रज्ञाने बटण दाबावं. फोटो चांगला की वाईट ते आम्ही ठरवू.”

“ते तुम्ही ठरवता डॉक्टर. का वाईट, ते कोण ठरवणार?”

डॉक्टर नाकाला रुमाल लावून निघून गेले.

यंत्र निर्दोष निघालं. लामाच्या छातीतले दाणे सगळ्यांना जवळजवळ सारखेच दिसले, अगदी आमच्या अर्ध्या आंधळ्या पहारेकऱ्यालाही. सेनोबिया त्या दिवशी खूश होईल असं मला वाटलं होतं. उलट तिने वही मिटली. “यंत्राची चूक नाही म्हणजे आमची आहे,” ती म्हणाली. “आम्हीच बायकांना नीट उभं करत नाही.”

मग ती रोज बायकांच्या रांगेत जाऊन बसायला लागली आणि महिन्याभरात तिला जे दिसलं, ते आम्हाला तीस वर्षांत दिसलं नव्हतं. बायका टोपी काढायच्या, शाल काढायच्या, पण वेण्या तशाच पाठीवर. काळ्या लोकरीचे गोंडे गुंफलेल्या त्या जाड वेण्यांची सावली नेमकी फुप्फुसांच्या टोकावर पडायची. वेणीला परक्या पुरुषाने हात लावायचा नाही, आणि सेनोबिया सोडली तर एक्स-रेवाले सगळे पुरुष; तिला स्वतःलाच वेण्यांची सवय, आणि बाकीचं कुणी वर बांधा म्हणायलाही धजत नव्हतं. कंबरेला विणलेला पट्टा करकचून आवळलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्वास. “खोल श्वास घ्या, धरून ठेवा,” असं आमचा माणूस काचेमागून ओरडायचा. पुरुष छाती फुगवायचे. पायिरी जेमतेम खांदे हलवायच्या. त्यांना सांगितलेलं कळत नाही, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो.

“कळतं त्यांना,” सेनोबिया मला म्हणाली. “पण कोंपाद्रे, धुळीत बसणारी बाई खोल श्वास घेतच नाही. आई आम्हाला लहानपणीच शिकवायची, शाल तोंडावर घ्या, वरच्यावर श्वास घ्या. तीस वर्षांची सवय एका ओरडण्याने कशी सुटेल?”

मला त्या क्षणी माझ्या कोकराची लाज वाटली. किती वर्षं मी त्या अर्धवट श्वासांची पोती शिवून विकत होतो.

उपाय तिने साधाच काढला. बायकांच्या रांगेत मागचीने पुढचीच्या वेण्या डोक्यावर गुंडाळून फडक्याने बांधायच्या. रांगेत असा काही हशा व्हायचा की दवाखान्यातले डॉक्टर बाहेर येऊन बघायचे. “अगं हळू, डोकं आहे ते, दगड नव्हे!” “दगड असता तर आतापर्यंत फोडला असता!” पट्टा पडद्याआड सैल करायचा. आणि श्वासासाठी सेनोबिया स्वतः बाईच्या शेजारी जाऊन सांगायची, “सकाळी बाजारात गरम आपी घेतेस ना? पेला नाकाशी धरलाय असं समज. जांभळा मका, दालचिनी, लवंग. ओढ वास. अजून ओढ. आता सोडू नकोस,” आणि पळत काचेमागे जाऊन बटण दाबायची. जांभळ्या मक्याची आपी न आवडणारं माणूस आमच्या गावात जन्माला यायचंय. छात्या उघडायला लागल्या.

आता हे खरंच सुधारलं की आम्हालाच तसं वाटतं, हे सिद्ध करायचं होतं. तिने ठरवलं की पूर्वी अर्ज केलेल्या साठ बायकांचे नवे फोटो काढायचे, त्यांचे जुने फोटो त्यांत मिसळायचे, नावं झाकून फक्त आकडे टाकायचे आणि डॉक्टर उर्किसोंना एकशेवीस फिल्म वाचायला द्यायच्या. आकडे मी टाकणार आणि यादी माझ्या कुलपात. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, “चालेल. पण यातून काही निघालं नाही तर तो लामा बाहेर, आणि ही सगळी पोतीही.” सेनोबियाने हो म्हटलं.

एकोणसाठ बायका आल्या. साठावी येईना. साठावी सेनोबियाची आई.

शेवटी सेनोबियाने तिला जवळजवळ ओढत आणलं आणि दवाखान्याच्या ओट्यावर मायलेकी भांडत बसल्या. मी दोन पावलांवर होतो, मुद्दाम.

“तीनदा उभी राहिले त्या यंत्रापुढे. पुरे झालं.”

“या वेळी नीट दिसेल, आई.”

“तेच नको मला! आता निदान म्हणता येतं की फोटो वाईट होता. उद्या चांगला आला आणि आत काहीच नाही निघालं तर? लोक म्हणतील, म्हातारी खोटं बोलत होती. एकतीस वर्षं कुठे होती, घरात चूल फुंकत होती?”

“आणि निघालं तर?” सेनोबियाचा आवाज चिरका झाला. “मला काय वाटेल, याचा विचार केलास? मला तर काही निघायला नकोय!”

म्हातारीने शाल सावरली. मग म्हणाली, “म्हणजे तू लेक म्हणून घाबरतेस. मी पायिरी म्हणून घाबरते. चल, आता यंत्रालाच विचारू.”

आईच्या वेण्या सेनोबियाने स्वतः वर बांधल्या. पट्टा सैल केला. आपीचा वास सांगितला. म्हातारीने डोळे मिटून असा श्वास ओढला की मलाच खोकला आला. आणि पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या सेनोबियाने काचेमागे पोचताच बटण फार लवकर दाबलं. फिल्म बिघडली. ती धुऊन उजेडात धरली तेव्हा तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, जाऊ दे, वहीत नको लिहूस, आपल्या दोघांतच राहील. तिने वही उघडली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘तंत्रज्ञाची चूक’. खाली स्वतःची सही केली. दुसरी फिल्म चांगली आली. ती तिने बघितली नाही, सरळ माझ्या हातात दिली. आकडा पडला सत्तेचाळीस.

डॉक्टर उर्किसो दोन दिवस वाचत बसले. पहिल्या दिवशी घाईत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि जेवायलाही उठले नाहीत. एक फिल्म लावायची, भिंग धरायचं, शेरा सांगायचा, मी लिहायचा. सेनोबिया भिंतीला टेकून उभी.

सत्तेचाळीस लावली. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत होते.

“धुळीचा आजार,” ते म्हणाले. “दुसरी पायरी, दोन्ही बाजूंनी. यात शंकेला जागाच नाही.”

मी लिहिलं. सेनोबियाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती तिथून हलली नाही. उरलेल्या सगळ्या फिल्म संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग यादी उघडली. साठ जुन्यांपैकी चोवीस त्यांनी वाचण्यायोग्य नाहीत असं सांगितलं होतं. साठ नव्यांपैकी दोन. ज्यांना ते वर्षानुवर्षं परत पाठवत होते त्यातल्या सतरा बायकांच्या छातीत त्यांनी स्वतःच, नाव न बघता, धूळ शोधून दिली होती. डॉक्टरांनी यादी दोनदा ताडून पाहिली. माझ्याकडे संशयाने बघितलं. मी बाप्तिस्म्याची शपथ घेतली. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “मी किती बायकांना घरी पाठवलं असेल, दोन्या सेनोबिया?” त्याआधी ते तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे.

“मोजलंय, डॉक्टर,” ती म्हणाली. “वहीत आहे. पण आधी हे दाखले लिहा.”

ते लिहायला लागले. सत्तेचाळीसचा दाखला आला तेव्हा त्यांचा पेन थांबला.

“कासिमिरा आयाविरी. व्यवसाय काय लिहू? अर्जावर घरकाम आहे.”

आडनाव वेगळं, त्यामुळे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. सेनोबिया उजेडाच्या पेटीपाशी गेली आणि पहिल्यांदाच तिने ती फिल्म बघितली. डोळे भरून बघितली. सुंदर फिल्म होती हो. कडा तर अशा की चाकूने कापल्यासारख्या. आपल्या हाताने एवढं चांगलं काम झालं याचा अभिमान आणि त्या कामात जे दिसतंय त्याचं दुःख, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम आलं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “घरकाम करून छातीत हे येतं का?”

डॉक्टरांनी फिल्मकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं असावं. त्यांनी अर्जावरचा घरकाम हा शब्द खोडला, वर नवा शब्द लिहिला, खोडल्याच्या शेजारी सही केली आणि तोच शब्द दाखल्यावर उतरवला.

दाखला घेऊन आम्ही दोघं टेकडीवर गेलो. वारा सुटला होता. ढिगाऱ्यावर वीस-पंचवीस पायिरी होत्या आणि दोन्या कासिमिरा, काम बंद करून दोन वर्षं झाली तरी, त्यांच्यात जाऊन बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने विचारलं, “फोटो कसा आला?”

“चांगला आला, आई. फार चांगला.”

“मग वाच.”

सेनोबियाने वाचलं. आजाराचं नाव, पायरी, दोन्ही बाजू. म्हातारीने ते कुणा दुसऱ्याचं असावं तसं ऐकलं. “ते राहू दे. माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते सांग.”

“कासिमिरा आयाविरी. व्यवसाय, खाणकामगार.”

“पुन्हा.”

“कासिमिरा आयाविरी. खाणकामगार.”

हातोड्या थांबल्या होत्या. “मोठ्याने वाच,” म्हातारी म्हणाली, “पलीकडच्यांना ऐकू गेलं नाही.” तिसऱ्यांदा वाचताना सेनोबियाचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. म्हातारीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, कागद तिच्या हातातून काढून घेतला, दगडावर चढून उभी राहिली आणि, अक्षर न ओळखणारी ती बाई, कागद उलटा धरून स्वतःच सगळ्यांना वाचून दाखवायला लागली.